येजो म्हटलेलं पार्सल

आमच्या घरातून कोणी निघालं की आई फाटकापर्यंत जायची आणि 'येजो' म्हणायची. म्हणजे पुन्हा ये. यात नवल काही नाही. वर्ध्याकडे सगळेच म्हणतात, निघणाऱ्याला कोणी 'जा' म्हणत नाही. पण आईचं प्रकरण जरा पुढचं होतं. ती दूधवाल्याला म्हणायची, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याला म्हणायची. कडाकडा भांडून निघालेल्या माझ्या आत्यालासुद्धा तिनं फाटकात गाठून म्हटलं होतं, आणि आत्याही फुगलेल्या तोंडानंच 'हो, येतो' म्हणाली होती. आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. मी पार्सलं पाठवायला लागले, तेव्हापासून आई पार्सलांनाही येजो म्हणायला लागली.

मी स्पूलचे जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करून परदेशात विकते. कॅसेट यायच्या आधीचे, दोन मोठ्या चकत्यांवर टेप फिरायची ते. आपल्याकडे ते माळ्यावर धूळ खात पडतात. तिकडे शौकीन लोक दिवाणखान्यात मांडतात आणि म्हणू ती किंमत देतात. काम मी बाबांकडून शिकले, त्यांचं स्टेशनाकडे रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तंत्रनिकेतनातलं माझं शिकवण्याचं कंत्राट संपलं तेव्हा वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी बाबांचं टेबल मांडलं. त्या टेबलावर आम्हा दोघींचं घर चालत होतं, आईचं आणि माझं.

विकणं सोपं आहे. पोचवणं ही शिक्षा आहे. कॅनडात वीज वेगळी, म्हणून मोटरची पुली बदला, नाहीतर गाणं धावत सुटतं. स्पीकरमध्ये चुंबक आहे म्हणून विमानवाले कुरकुरतात. कागदावर एक आकडा चुकला की माल मुंबईला अडकतो आणि आपण फोनवर संगीत ऐकत बसतो. एका गृहस्थानं अख्खा टेप ठेवून घेतला आणि खोका रिकामा मिळाला अशी तक्रार टाकली. मी वजनाच्या पावत्या आणि पॅकिंगचे फोटो पाठवून दीड महिना भांडले आणि जिंकले. तेव्हापासून 'रिकामा खोका' हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. पार्सल न्यायला येणारे कुरिअरचे भाऊ मला मुद्दाम चिडवायचे, "मॅडम, रिकामाच नेऊन राह्यलो ना?" आणि मग गाडीवाल्याला हाक मारून दोघांनी मिळून खोका उचलायचे.

तर ज्याची ही गोष्ट, तो टेप. नाचणगावच्या एका निवृत्त गुरुजींकडून आणला होता. अंगानं गॅसच्या शेगडीएवढा, करड्या रंगाचा, आणि इतका जड की आणताना रिक्षावाल्यानं दोनदा सुनावलं. चार महिने मी त्याच्यावर खपले. पट्टे बदलले, कंडेन्सर बदलले, हेड घासून आरशासारखं केलं. बाबा असते तर पाठ थोपटली असती. माझ्या हातून गेलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, हे मी आजही छाती ठोकून सांगेन.

पहिल्यांदा तो हॉलंडला गेला. खोक्याच्या आत खोका, मध्ये फोम. टेपच्या अंगाबरहुकूम फोम कापायचा ही माझी पद्धत. टेप किती फिरली ते मोजणारा चार आकडी काउंटर असतो. तो शून्यावर आणायचा, फोटो काढायचा आणि मग खोका बंद. आईनं नेहमीप्रमाणे खोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "येजो बापू." भाऊही नेहमीप्रमाणे हसले.

दीड महिन्यानं निरोप आला, पत्त्यावर कोणी राहत नाही, पार्सल परत येत आहे. घेणाऱ्यानं संदेशांना उत्तर देणं केव्हाच बंद केलं होतं. परत आलेला माल सोडवणं म्हणजे त्याहून मोठा तिढा. गेला तोच हा, असं कस्टमला पटवून द्यावं लागतं. नंबराचे फोटो, जुनी कागदं, पुन्हा नवी कागदं. तीन आठवडे गेले. शेवटी खोका घरी आला. माझी चिकटपट्टी जशीच्या तशी, माझी सही पट्टीवर आडवी, कुठं नखही लागलेलं नाही.

आत काउंटरवर नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी आकडा होता.

म्हणजे शून्यावरून तो मागे फिरला होता, बारा घरं. काउंटर फिरायला चकती फिरावी लागते आणि चकत्या मी बांधून टाकलेल्या असतात. धक्क्यानं झालं असेल, असं मी म्हटलं. इतक्या विमानांत चढवलं-उतरवलं, फिरला असेल. आई मात्र टेपला बघून इतकी खूश झाली, जसा कोणी माहेरचा माणूस आला. "आला पाह्य," म्हणाली आणि पदरानं त्याचं झाकण पुसलं.

दुसऱ्यांदा तो कॅनडाला गेला. मी पुली बदलली, व्होल्टेजचा खटका बदलला, सगळं दोनदा तपासलं. आई म्हणाली, "येजो." या वेळी पार्सल वेळेत पोचलं. घेणाऱ्या बाईंनी फोटो पाठवला, खिडकीत बर्फ आणि पुढं माझा टेप. मी तो फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, थंडी वाजत असंन त्याले.

चौथ्या दिवशी त्या बाईंचा संदेश आला. मशीन उत्तम आहे, लिहिलं होतं. पण बंद केल्यावर त्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो. टेप लावलेली नसताना. एकच शब्द. तो त्यांनी ऐकू आला तसा इंग्रजी अक्षरांत लिहिला होता, आणि खाली विचारलं होतं, हा काय शब्द आहे.

मी तो वाचला. मग पुन्हा एकदा, जोड लावून. ये. जो.

मी हा विषय शिकवत आलेली बाई आहे. टेप नसलेला टेपरेकॉर्डर बोलत नाही. त्याचा अॅम्प्लिफायर जवळचं एखादं रेडिओ स्टेशन पकडू शकतो, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. तेच मी त्यांना सविस्तर लिहिलं. पण कॅनडातलं कुठलं स्टेशन पिपरी मेघेतलं फाटक पकडतं, ते मला माझ्याच उत्तरात लिहिता येईना. आई मागच्या दारी मिरच्यांचे देठ खुडत होती आणि मला तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

बाईंनी टेप परत केला. भांडल्या नाहीत, म्हणाल्या, एकटी राहते, भीती वाटते. परत आला तेव्हा पुन्हा तीच कागदं, तीच पट्टी, आणि काउंटर पुन्हा बारा घरं मागे. त्याच आठवड्यात विक्रीच्या साइटवरून मला ताकीद आली. माझा माल फार वेळा परत येतो आहे. आणखी एक पार्सल परत आलं तर खातं कायमचं बंद. खातं बंद म्हणजे धंदा बंद, आणि या वयात मला वर्ध्यात दुसरं कोण काम देणार होतं.

त्या दिवशी मी आईवर ओरडले. ओरडायला मला कारण पुरतं हे खरं, पण त्या दिवशी हद्द केली.

"तू त्याले येजो काऊन म्हणतं? तू म्हणतं म्हणून थो येते. धंदा बुडून राह्यला माहा."

आईनं मिरच्यांनी भरलेलं सूप खाली ठेवलं. "घरातून जाणाऱ्याले काय म्हणू मंग?"

"काहीच नको म्हणू. तोंड बंद ठेव."

"तुह्या बापाले मी रोज म्हणत होतो," ती म्हणाली. "एक दिवस राह्यलं. मी न्हाणीत होतो. थ्यायनं बाहेरून आवाज देल्ला, येतो म्हणून. मी म्हटलं, डोस्क्यावर पाणी हाय, आता काय बोलू."

त्या दिवशी बाबा सुटे भाग आणायला नागपूरला निघाले होते. बुटीबोरीच्या अलीकडे ट्रकनं गाडी उडवली. अपघात मला माहीत होता. न्हाणीचं मात्र तिनं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हटलं, "बाबाचं बाबापाशी. पार्सलले नको म्हणू."

तिसऱ्यांदा टेप नॉर्वेला गेला. जहाजांवर रेडिओ सांभाळण्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ होते, फार अदबीनं लिहिणारे. भाऊ खोका न्यायला आले तेव्हा आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता, घट्ट, एखाद्याला उलटी आल्यावर धरतात तसा. भाऊंनी सवयीनं तिच्याकडे बघितलं, वाट बघितली, आणि मग गाडी सुरू केली.

टेप पोचला. राहिला. त्या गृहस्थांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, जहाज सोडल्यापासून एवढा स्वच्छ आवाज ऐकला नव्हता. साइटवरची ताकीद निघून गेली. मी पेढे आणले. आईनं अर्धा खाल्ला.

त्यानंतर ती कोणालाच येजो म्हणेना. मला वाटलं रुसली आहे. पण रुसलेली नव्हती, बोलायची-चालायची, मालिका बघायची, माझ्या सोल्डरच्या धुराला नावं ठेवायची. फक्त कोणी निघालं की फाटकापर्यंत जायची, तोंड उघडायची आणि तशीच उभी राहायची. शब्द निघायचा नाही. दूधवाला एकदा थांबून म्हणाला, "माय, काही सांगाचं हाय का?" तिनं नुसती मान हलवली. मला ते बघवत नव्हतं आणि मी त्यावर काही केलंही नाही. उलट मनात कुठंतरी बरं वाटत होतं, कारण एकही पार्सल परत येत नव्हतं. दूधवाला मात्र त्या महिन्यात यायचा बंद झाला. आत्याही फिरकली नाही. मी म्हटलं, योगायोग.

अल्लीपूरला मावशीच्या नातीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं. आई दोन दिवसांसाठी निघाली, पिशवीत बाळाचं झबलं आणि डब्यात लाडू. सकाळचे दहा वाजले असतील. माझ्यापुढं एक मशीन उघडं पडलं होतं, एका हातात सोल्डरगन, दुसऱ्या हातात चिमटा, दातांत तार. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"येतो मी."

तारेमुळे तोंड नीट उघडत नव्हतं. मी मान न वळवता म्हटलं, "हं, जा."

जा. एवढंच. ती क्षणभर हलली नाही, हे मला पाठीला कळलं. मग चपलांचा आवाज, फाटकाची कडी. आपण काय म्हटलं ते माझ्या लक्षात आलं तेव्हा सोल्डरचा डाग बसला होता आणि मी फुंकर मारत होते. उठून जावं असं वाटलं. पण सांधा गार होईपर्यंत धरून ठेवावा लागतो. धरून ठेवला. मग उठले तर रस्ता मोकळा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. आई जेवून पडली ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा तिच्या माहेरची सगळी माणसं जमली होती आणि त्यांनी तिथंच करायचं ठरवलं होतं. मला विचारलं. घरी न्यायचं आहे हे मला सांगता आलं नाही. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली माणसं निघाली. आमच्या फाटकातून आत ती आलीच नाही, तशीही नाही.

दोन महिने मी टेबलाला हात लावला नाही. मग एका सकाळी नॉर्वेच्या गृहस्थांचा संदेश आला. पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं की ही तक्रार नाही. टेप झकास चालतो. पण काही आठवड्यांपासून, बंद केल्यावर, एक बाई काहीतरी बोलते. जहाजावर असताना त्यांनी आवाजांतून आवाज वेगळे करण्याचं काम केलं आहे, त्यामुळे ही रेडिओची खरखर नाही, हे ते खात्रीनं सांगू शकतात. रोज बोलते. थोडं थांबते, जणू कोणी उत्तर देईल, आणि मग गप्प होते. त्यांनी मोबाइलवर तो आवाज धरून पाठवला होता.

पंधरा सेकंदांचा होता. खटका. मोटर थांबल्याची घरघर. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आणि मग जरा लांबून, फाटकाकडे निघालेलं माणूस घराकडे तोंड करून बोलतं तसं, "येतो."

मी तो किती वेळा ऐकला ते सांगत नाही. आईचा आवाज मी कधीही कुठल्याही टेपवर घेतला नव्हता. सबंध आयुष्य आवाज धरायच्या यंत्रांत गेलं आणि तिचा घ्यावा असं एकदाही सुचलं नाही, कारण ती होतीच घरात, बडबडत.

मी त्यांना लिहिलं, टेप परत करा. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला परत करा म्हणत होते. पैसे घ्या, वर पाठवायचा खर्च घ्या, खातं बंद झालं तर होऊ दे. त्यांनी खूप दिलगिरीनं लिहिलं की त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आहे, टेप उचलवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या बाईंची सवय झाली आहे. शेवटी विचारलं, त्या काही वाईट म्हणतात का?

मी लिहिलं, वाईट नाही. जायच्या आधी निरोप मागते आहे. तिला उत्तर द्यायचं होतं, ते मी दिलं नाही. माझ्या वतीनं तुम्ही द्या. मग मी तो शब्द इंग्रजी अक्षरांत फोडून लिहिला, कॅनडाच्या बाईंनी मला लिहिला होता अगदी तसा, आणि कुठं जोर द्यायचा ते सांगितलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. माझा उच्चार वाईट असल्यामुळे तीनदा म्हटला, त्यांनी लिहिलं होतं. त्यानंतर त्या बोललेल्या नाहीत. घर जरा मोठं वाटतं आहे.

बाराव्या दिवशी माझा फोन वाजला. त्या पार्सलचा माग, जो कित्येक महिन्यांपूर्वी 'पोचले' म्हणून बंद झाला होता, उघडला होता. परतीच्या मार्गावर, असं त्यावर आलं होतं. मी नॉर्वेला विचारलं. त्यांनी टेपचा फोटो पाठवला, टेबलावर जागच्या जागी, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र. मी काही पाठवलेलं नाही, ते म्हणाले. संध्याकाळी पुन्हा लिहिलं, खोका मात्र त्यांनी तळघरातून काढून रद्दीच्या पुठ्ठ्यांबरोबर बाहेर ठेवला होता. माझ्या पत्त्याची चिठ्ठी त्यावर तशीच होती. कोणी भल्या माणसानं टपालात टाकला असेल.

म्हणजे कारण आहे. कारण सापडतंच. पण जर्मनीत एक दिवस, दुबईत एक दिवस, आणि मुंबईला, जिथं माझा माल तीन-तीन आठवडे बसून राहायचा, तिथं एक तासही नाही. कोणी कागद मागितला नाही, नंबर विचारला नाही, पैसा मागितला नाही. मी रोज सकाळी उठून बघत होते, जसं कोणी गाडी कुठवर आली ते बघतं. नागपूर आलं त्या दिवशी मी अंगण झाडलं. आईची चादर उन्हात टाकली. भीती वाटत होती हे मी नाकारत नाही. पण भीतीपेक्षा आणखी काही होतं, आणि त्यासाठी मी फाटकाची कडी काढून ठेवली.

सकाळी अकराला भाऊ आले. ज्या खोक्याला दोघं लागायचे, तो त्यांनी एका हातात धरला होता. या खेपेला चिडवलं नाही.

"मॅडम, हा तर हलका हाय. रिकामाच दिसते."

पायरीवरच ठेवून मी सुरीनं पट्टी कापली. आत फोम होता, मीच कापलेला, मध्ये टेपच्या आकाराची जागा. दुसरं काहीच नव्हतं. भाऊंनी मोबाइल काढला. माझं प्रकरण त्यांना पाठ होतं.

"फोटो काढतो. नाई मिळालं, रिकामा खोका, असं टाकून देतो. बरोबर?"

मी खोका बंद केला. हात फिरवावा असं वाटलं, म्हणून फिरवला.

"नको भाऊ," मी म्हटलं. "मिळालं म्हणून लिहा."